न कोसळणाऱ्या प्रोग्रामचा ध्यास

वर्सोव्याहून दादरला कसे जायचे, असे आज घरातल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा. तो फोनच्या पडद्यावर दोनदा बोट टेकवील आणि सांगून मोकळा होईल. मेट्रोने अंधेरी, तिथून पश्चिम रेल्वे, की थेट टॅक्सी, याचा सगळा हिशेब क्षणात मांडला जातो. या हिशेबाच्या मुळाशी जी रीत आहे ती एका डच तरुणाने १९५६ साली ॲम्स्टरडॅममधल्या एका कॅफेबाहेर बसून, कॉफी पिता पिता, साधारण वीस मिनिटांत शोधून काढली होती. हाताशी कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. सोबत वाग्दत्त वधू होती आणि खरेदी करून दोघेही दमलेले होते. त्या तरुणाचे नाव एड्सखर डाइक्स्ट्रा. काँप्युटर शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला परीक्षेच्या आदल्या रात्री हे नाव घोकावे लागते. नावाचा उच्चार मात्र ज्याचा त्याचा.

मला आज त्यांच्याविषयी लिहायचे आहे ते या नकाशापायी नव्हे. मी वर्सोव्यात राहतो आणि बरीच वर्षे अंधेरीत प्रोग्राम लिहिण्याचा धंदा करतो. पडद्यावर खिडक्या उघडणारे, चित्रे दाखवणारे प्रोग्राम हा माझा प्रांत. या प्रांतात एक काम असे आहे, की जे नीट केले तर कुणाच्या लक्षातही येत नाही आणि केले नाही तर लोकांच्या डोळ्यांत पाणी येते. ते काम म्हणजे प्रोग्राम मरायला टेकला असता त्याच्या शेवटच्या दोन क्षणांची व्यवस्था लावणे. आमच्या भाषेत फेटल एरर हँडलर. ते काम करताना मला या माणसाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गंमत अशी, की प्रोग्रामने मरायला टेकावे हेच मुळी त्यांना मान्य नव्हते.

आधी या कामाची थोडी कल्पना देतो. कुठलाही मोठा प्रोग्राम एकट्याने लिहिलेला नसतो. फोटो उघडणे, अक्षरे काढणे, खिडकी मांडणे या कामांसाठी दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार आज्ञांचे संच, म्हणजे लायब्ररी, घेतलेल्या असतात. अशा लायब्ररीला काम करताना निभावताच येणार नाही अशी अडचण आली, तर काय करायचे हे तिच्या कर्त्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. पुष्कळदा ते ठरवणे फार सोपे असते: एक ओळ कुठेतरी छापायची आणि सगळा प्रोग्राम बंद करायचा. १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जन्मलेल्या एक्स विंडो या पद्धतीत हेच होते. जेपेग जातीची चित्रे उघडणाऱ्या, १९९१ पासून जगभर वापरल्या गेलेल्या लायब्ररीतही हेच आहे. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणाऱ्या जाणकाराला ती एक ओळ दिसते आणि पुरते. पण खिडकीत काम करणाऱ्या साध्या माणसाला ती ओळ दिसतच नाही. त्याला एवढेच दिसते, की आत्ता होती ती खिडकी आता नाही.

आमच्या यारी रोडवरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचे असेच झाले होते. स्वागत समारंभाच्या आदल्या रात्री तो अल्बमची पाने जुळवत बसला होता. त्यातला एक फोटो कार्डावरून अर्धाच उतरला होता. तो उघडायला गेला आणि सगळा प्रोग्रामच नाहीसा झाला. सोबत चार तासांची जुळवाजुळव. दोष एका फोटोत, शिक्षा सगळ्या अल्बमला! लायब्ररीच्या कर्त्यांनी यावर उपाय ठेवलेला असतो. ठरवून दिलेली व्यवस्था काढून तिथे स्वतःची बसवता येते. तो खराब फोटो बाजूला ठेवा, तिथे रिकामी चौकट दाखवा आणि बाकीचा अल्बम चालू ठेवा, असे सांगणारी. पण त्या प्रोग्रामच्या कर्त्याने ती बसवण्याची तसदी घेतली नव्हती.

आता डाइक्स्ट्रांकडे वळू. त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅमला झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ आणि शिक्षक. आई गणिती, पण तिने नोकरी कधी केली नाही. कमीत कमी पायऱ्यांत सिद्धता मांडण्याची आवड मुलाने आईकडून घेतली. कायदा शिकून संयुक्त राष्ट्रांत आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे, असे त्यांच्या मनात होते. पण गणित आणि विज्ञानात गुण इतके चांगले पडले, की स्वारी लायडन विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकायला गेली. १९५१ च्या उन्हाळ्यात केंब्रिजला प्रोग्रामिंगचा एक छोटा वर्ग होता. तिथे जाऊन आल्यावर पुढच्या वर्षी ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात त्यांना अर्धवेळ काम मिळाले.

या केंद्रात तेव्हा आरा नावाचे यंत्र उभे राहत होते. १९५२ मध्ये मोठ्या पाहुण्यांसमोर त्याचे उद्घाटन झाले तेव्हा त्याच्याकडून कुठल्याही क्रमाने येणाऱ्या, यादृच्छिक आकड्यांचे कोष्टक छापून घेतले गेले. कारण उघड होते. आकडे चुकले तरी ते चुकले हे कुणाला कळणार? यंत्रावर भरवसा इतकाच होता. अशा यंत्रांच्या संगतीत डाइक्स्ट्रांची उमेदवारी झाली. यंत्र पुरे होण्याआधीच त्यासाठी प्रोग्राम लिहायचे, ते चालवून पाहण्याची सोय नाही, म्हणून कागदावरच पुन्हा पुन्हा विचार करून ते बरोबर आहेत याची खात्री करून घ्यायची. ही सवय त्यांच्या हाडीमासी खिळली, ती कायमची.

पदार्थविज्ञान की प्रोग्रामिंग, असा पेच पुढे त्यांना पडला. प्रोग्रामिंगला विद्या म्हणावे असे त्यात तेव्हा काही नव्हते. केंद्रातले त्यांचे वरिष्ठ आड्रियान व्हान वाइनखार्डन यांनी त्यांना सुचवले, की काँप्युटर आता जगात राहायलाच आलेला आहे, आणि या कामाला विद्येचे रूप देणाऱ्यांपैकी ते स्वतः का होऊ नयेत? डाइक्स्ट्रांनी हे मनावर घेतले. सरकारदरबारी मात्र ते मानले जायला अवकाश होता. १९५७ मध्ये ते रिया देबेट्स हिच्याशी विवाहबद्ध झाले. रियाही त्याच केंद्रात आकडेमोडीचे काम करीत असे. विवाहाच्या कागदावर व्यवसाय म्हणून त्यांनी प्रोग्रामर असे लिहायला सांगितले, तेव्हा असा व्यवसायच नसतो असे सांगून अधिकाऱ्यांनी ते नाकारले. शेवटी पदार्थवैज्ञानिक असे लिहून लग्न लागले!

याच सुमारास, १९५७-५८ मध्ये, माझ्या विषयाशी थेट जोडलेली गोष्ट घडली. त्यांचे सहकारी ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्खोल्टन एक्स-वन या नव्या यंत्राचा आराखडा करीत होते. त्यांना त्यात इंटरप्ट नावाची सोय हवी होती. तोवरची यंत्रे टाइपरायटरला एक अक्षर दिले, की ते उमटेपर्यंत हात बांधून बसत. नव्या यंत्राने तसे थांबायचे नाही. आपले काम करीत राहायचे आणि टाइपरायटर मोकळा झाला, की त्याने यंत्राला हाक मारायची. हातातले काम तिथेच टाकून यंत्राने त्याच्याकडे पाहायचे आणि परत येऊन राहिलेले काम पुढे सुरू करायचे.

स्वयंपाकघरात असणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. फोडणी टाकताना दाराची घंटा वाजते. गॅस बारीक करायचा, हिंग घातला की राहिला हे लक्षात ठेवायचे, दार उघडायचे आणि परत येऊन जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुढे चालू करायचे. घंटा कुठल्या क्षणी वाजेल हे आपल्या हाती नसते. नेमकी हिंग आणि हळद यांच्या मधल्या क्षणी वाजली आणि आमटी बिघडली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिली तरी ती बिघडत नाही, कारण घंटा त्या क्षणी वाजत नाही. डाइक्स्ट्रांना नेमकी हीच भीती वाटली. जी चूक पुन्हा घडवून पाहता येत नाही ती शोधायची कशी? ही सूचना ऐकून आपण घाबरून गेलो होतो, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. मित्रांनी त्यांची स्तुती करकरून त्यांना राजी केले. मग ते कामाला लागले आणि घंटा कधीही वाजली तरी यंत्राची स्थिती जपून ठेवून जशीच्या तशी परत आणता येते, हे त्यांनी पायरी पायरीने सिद्ध करून घेतले. चालवून पाहण्यावर विसंबण्याची सोयच नव्हती. १९५९ च्या त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय हाच.

आज पडद्यावर खिडकी असलेला प्रत्येक प्रोग्राम म्हणजे सतत घंटा वाजणारे घर आहे. माउस हलला घंटा, कळ दाबली घंटा, खिडकी झाकली गेली घंटा. प्रत्येक घंटेला ओ देणारा एकेक हँडलर. आणि फेटल एरर ही शेवटची घंटा. इथून फोडणीकडे परत यायचे नसते. गॅसचा वास घरभर पसरला असेल तर आमटीचा विचार करायचा नाही. खटका बंद करायचा, मुलांना घ्यायचे आणि बाहेर पडायचे.

पुढची दहा वर्षे डाइक्स्ट्रांच्या आयुष्यातली सर्वांत भरघोस. याप झोनेव्हेल्ड या सहकाऱ्याबरोबर त्यांनी अल्गॉल ६० या भाषेचा कंपायलर लिहायला घेतला आणि तो पुरा होईपर्यंत दाढी करायची नाही असा दोघांनी पण केला. ऑगस्ट १९६० मध्ये काम फत्ते झाले. झोनेव्हेल्डने दाढी उतरवली, डाइक्स्ट्रांनी ती जन्मभर ठेवली. १९६२ मध्ये ते आइंटहोवनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. एकाच यंत्रावर अनेक कामे एकमेकांच्या पायांत पाय न अडकता कशी चालावीत, यासाठी त्यांनी सेमाफोर नावाची युक्ती काढली. नाव सरळ रेल्वेच्या हाताच्या सिग्नलवरून घेतलेले. एका रुळावर एकच गाडी. हात पडल्याशिवाय दुसरीने आत यायचे नाही. पाच-सहा जणांच्या चमूने या तत्त्वावर उभी केलेली व्यवस्था चाचणीला लावली, तेव्हा सरासरी पाचशे आज्ञांमागे एक चूक निघाली, तीही किरकोळ आणि दहा मिनिटांत सापडणारी. एरवी त्या काळचे मोठे प्रोग्राम चुकांनी बुजबुजलेले असत.

मार्च १९६८ मध्ये एका नियतकालिकात त्यांचे एक पत्र छापून आले आणि सगळ्या प्रोग्रामर जगात वादळ उठले. प्रोग्राममध्ये इथून तिथे उडी मारण्याची जी गो-टू ही आज्ञा असते, ती घातक आहे असे त्यांचे म्हणणे. वाचणाऱ्याला आपण कुठून इथे आलो हे कळेनासे होते, आणि जे वाचून समजत नाही ते बरोबर आहे याची खात्री कशी देणार? पत्राचा भडक मथळा त्यांचा नव्हता. तो संपादक निक्लाउस वीर्ट यांनी दिला होता. पण शिव्या डाइक्स्ट्रांना खाव्या लागल्या.

आता पाहा आमची अडचण. खराब फोटो उघडताना लायब्ररी खोल कुठेतरी अडकलेली असते. आमचा हँडलर तिथून तिच्याकडे परत गेला तर उपयोग नाही, कारण ती पुढे जाऊच शकत नाही. म्हणून फोटो उघडण्यापूर्वी आम्ही एक खूण करून ठेवतो, आणि हँडलर तिथून थेट त्या खुणेवर उडी घेतो. सी भाषेत तिचे नावच मुळी लाँगजंप, लांब उडी! गो-टूचा हा थोरला भाऊ. तरुण मुले मला विचारतात, की गुरुजींनी बंदी घातलेली वस्तू तुम्ही कशी वापरता? मी त्यांना ते पत्र पुन्हा वाचायला सांगतो. ही उडी फक्त धोक्याच्या वेळी बाहेर पडण्यापुरती राखून ठेवावी, अशी शिफारस आपण कुठेतरी वाचल्याचे डाइक्स्ट्रांनीच तिथे नमूद केले आहे. ती बहुधा टोनी होर यांची असावी, असाही त्यांचा तर्क. एस.टी.च्या गाडीला संकटकाळी बाहेर पडायची खिडकी असते. रोज तिथूनच चढायचे-उतरायचे म्हटले तर गाडीचा बाजार होईल. पण म्हणून ती खिडकी असूच नये असे कुणी म्हणत नाही.

१९७२ मध्ये त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. १९७३ मध्ये ते बरोज या अमेरिकन कंपनीचे संशोधक झाले. याच बरोजने टाटांबरोबर काढलेली कंपनी आमच्या अंधेरीच्या सीप्झमध्ये होती; उपनगरातल्या कितीतरी मराठी घरांतली पहिली प्रोग्रामर मुले-मुली तिथे घडली. डाइक्स्ट्रा मात्र न्यूननच्या घरी बसून काम करीत. हे तेच खेडे, जिथे व्हान गॉगने १८८५ मध्ये बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचे चित्र रंगवले. घरच्या खोलीत, फाउंटन पेनने, सुरेख अक्षरात ते टिपणे लिहीत, त्यावर क्रमांक घालीत आणि प्रती काढून मित्रांना पाठवीत. त्या प्रतींच्या प्रती निघत आणि जगभर फिरत. अशी तेराशेहून अधिक टिपणे त्यांनी लिहिली. ज्याच्या कामावर काँप्युटरचे जग उभे आहे, त्याला लिहायला काँप्युटर लागत नव्हता.

१९८४ मध्ये ते टेक्सासमधल्या ऑस्टिनला शिकवायला गेले. विद्यार्थ्यांना त्यांचा धाक असे. प्रोग्राममधल्या चुकीला बग, म्हणजे किडा, म्हणणे त्यांना खपत नसे. किडा म्हटले, की तो रात्री कुठून तरी आपणहून शिरला असे वाटते. चूक म्हटले, की ती कुणी केली हे विचारावे लागते. चाचण्यांवरही त्यांचा फारसा विश्वास नव्हता. चाचणीने चूक असल्याचे कळते, नसल्याचे कधीच कळत नाही, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. जीभ तिखट होती. नावडत्या भाषांवर आणि त्या वापरणाऱ्यांवर ते तुटून पडत, आणि त्यामुळे पुष्कळ माणसे दुखावलीही. लाखो ओळींचे प्रोग्राम गणितासारखे सिद्ध करत बसलो तर कंपनीला टाळे लागेल, असा धंदेवाल्यांचा टोला असे. त्यातही तथ्य आहे. दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी, ग्राहकाने दिलेला फाटका फोटो, अचानक भरलेली डिस्क यांपैकी कशाचीच सिद्धता माझ्या हाती नसते. म्हणून शेवटची व्यवस्था ठेवावीच लागते.

पण ती व्यवस्था लिहायला बसलो, की मी डाइक्स्ट्रांच्याच दारात जाऊन उभा राहतो. कारण प्रोग्राममधला हा एकच तुकडा असा, की जो रोज चालत नाही आणि ज्याची मनासारखी चाचणीही घेता येत नाही. तो चालेल तेव्हा घराचे छप्पर कोसळत असेल. स्मृती संपलेली असेल, तर नवी मागता येणार नाही. पडद्याशी असलेले नाते तुटले असेल, तर क्षमा मागणारी खिडकीही उघडता येणार नाही. एक्सच्या बाबतीत तर तुटलेल्या जोडणीसाठी बसवलेला हँडलर परत फिरला, की प्रोग्राम संपवण्याचाच रिवाज. अशा वेळी काय करता येते आणि काय नाही, हे आधी कागदावर, शांतपणे, एकेक पायरी तपासूनच ठरवावे लागते.

म्हणून आमचे नियम साधे आहेत. हँडलर छोटा असावा, एका नजरेत वाचता येण्याइतका. लागणारी जागा आधीच राखून ठेवावी. माणसाचे काम वाचवायचे तर मूळ फाइलवर कधीही लिहू नये; आपण स्वतःच भ्रमात असू शकतो. शेजारी वेगळी प्रत ठेवावी. हँडलरमध्येच पुन्हा बिघाड झाला तर तो स्वतःलाच हाका मारत बसणार नाही, याची तजवीज करावी. आणि माणसाशी माणसाच्या भाषेत बोलावे. एके काळी घरोघरच्या काँप्युटरवर, प्रोग्रामने बेकायदेशीर कृत्य केल्याची सूचना येई आणि आपल्या हातून गुन्हा घडला असे वाटून आजोबा घाबरे होत! कुठला फोटो उघडला नाही, कुठली प्रत कुठे ठेवली, आता काय करायचे, एवढे सांगितले की पुरे.

आमच्या वेसावे कोळीवाड्यात जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्याला लागतात आणि त्यांची डागडुजी, रंगरंगोटी चालते. पाणी आत येऊच नये म्हणून एवढी मेहनत घेणारा नाखवा नंतर समुद्रात जाताना लाइफ जॅकेट किनाऱ्यावर ठेवून जात नाही. आणि लाइफ जॅकेट आहे म्हणून फटीकडे दुर्लक्षही करीत नाही. डाइक्स्ट्रांनी आयुष्यभर फटी बुजवायला शिकवले. आमच्या धंद्यातल्या पुष्कळांनी तेवढे कष्ट नकोत म्हणून नुसतीच जॅकेटे वाटली. प्रोग्राम पडला की उचलायचा, पुन्हा पडला की पुन्हा उचलायचा, आणि का पडला हे विचारायचे नाही. इस्पितळातली उपकरणे, बँकेचे व्यवहार, मेट्रोचे सिग्नल आज अशाच प्रोग्रामवर चालतात, तेव्हा त्यांचा हट्ट आठवणे गरजेचे आहे.

ऑस्टिनची वर्षे त्यांनी मजेत घालवली. जुनी फोक्सवॅगन बस घेऊन नवरा-बायको अमेरिकेतली राष्ट्रीय उद्याने हिंडत. घरी पियानो होता आणि मोझार्ट हा आवडता संगीतकार. कर्करोगाने गाठले तेव्हा २००२ च्या आरंभी ते न्यूननला आपल्या घरी परतले आणि ६ ऑगस्ट २००२ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, तिथेच वारले. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्येही त्यांनी क्रमांक घालून, पेनाने, एक टिपण लिहिले होते. अक्षर तसेच सुरेख होते.